वाट विचारा : टस्कनीत नऊ रात्री

मागच्या अंकात मी इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या पिसा शहराच्या गल्लीत खाल्लेल्या हरभऱ्याच्या पिठाच्या धिरड्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मुलगा पिसाला शिकायला होता तेव्हा मी त्याच्याकडे अडीच महिने राहून आले, तेवढाच माझा अधिकार. बाकी मी अंबाजोगाईची निवृत्त चित्रकला शिक्षिका. तेव्हा उत्तरं त्या बेतानं घ्या.

ताई, आम्ही दोघं परभणीचे निवृत्त शिक्षक. टूरवाले बारा दिवसांत सहा देश दाखवतो म्हणतात. मुलगी म्हणते, एकट्या टस्कनीला जा आणि निवांत राहा. एकाच प्रांतात नऊ रात्री करायचं काय? ह्यांचे गुडघे दुखतात. शिवाय भिंतीवरची चित्रंच बघायची तर अजिंठा आपल्या दारात आहे की!

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण तेच मला बोचलं. पस्तीस वर्षं मी पोरांना सहलीला अजिंठ्याला नेलं. त्यामुळेच सांगते, ज्यानं अजिंठा नीट पाहिलाय त्यानं टस्कनी पाहावीच.

आपल्याकडे चिखलात भुसा, गवताचे तंतू कालवून लेणीच्या भिंतीला गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात रंग कालवून चित्र काढलं. टस्कनीतले चितारी चुन्याच्या ओल्या गिलाव्यावरच रंगवायचे, रंग नुसत्या पाण्यात कालवून. चुना वाळताना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतो, त्याचा दगड होतो आणि रंग त्या दगडातच अडकतो. पण ओल आहे तोवरच काम करायचं. म्हणून सकाळी गवंडी तेवढाच तुकडा लिंपून द्यायचा, जेवढा दिवसभरात रंगवून होईल. त्या तुकड्याला ते 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. चित्राकडे समोरून न बघता जरा बाजूला सरकून तिरक्या उजेडात बघा. जोड दिसतात. एकेका चेहऱ्याला एकेक दिवस दिलेला असतो, आणि आभाळाचा केवढा तरी पट्टा एका दिवसात उरकलेला असतो. ज्या बाईनं शेणानं घर सारवलंय तिला काल थांबलो ती जागा दाखवावी लागत नाही. मला तर आधी जोडच दिसले, देवदूत नंतर.

हे बघायला फ्लॉरेन्समधल्या सान मार्कोच्या मठात जा. गर्दी सगळी मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्यापाशी असते, इथे त्या मानानं शांतता. जिना चढून शेवटच्या टप्प्यावर मान वर केली की समोर फ्रा आंजेलिकोचं चित्र : देवदूत मेरीला तिच्या पोटी येणाऱ्या बाळाची वार्ता सांगतोय. हा चितारी त्याच मठातला साधू, काळ साधारण 1440चा. वर साधूंच्या कोठड्या आहेत, आणि दर कोठडीत एक चित्र, तिथे राहणाऱ्या एकट्या माणसासाठी काढलेलं. अजिंठ्याच्या विहारात कसं, कोठड्या कोऱ्या आणि चित्रं सगळी मधल्या दालनात. इथे उलटं. तिसऱ्या कोठडीत पुन्हा तोच प्रसंग आहे, पण जिन्याजवळच्या चित्रातली बाग, फुलं सगळी गायब. चित्रातली खोलीही त्या कोठडीसारखीच उघडीबोडकी. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की राखणदार बाई दोनदा डोकावून गेली.

आता नऊ रात्री. चार फ्लॉरेन्सला, चार सिएनाला, एक पिसा किंवा लुक्का इथे. बॅगा फक्त तीनदा उघडायच्या. सहा देशांच्या सहलीत अर्धा वेळ बसमध्ये जातो आणि उरलेला स्वच्छतागृह शोधण्यात, हे मी स्वतः केलेलं आहे.

गुडघ्यांसाठी : फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चचा घुमट खालूनच बघा. वर जायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्कीनं तो 1420 ते 1436 या काळात खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता बांधला. विटा तिरक्या, माशाच्या काट्यासारख्या रचल्या, म्हणून एकेक थर स्वतःला तोलून धरत गेला. शहराचा सगळा देखावा हवा तर बसनं पियाझ्झाले मायकेलअँजेलो या टेकडीवरच्या चौकात जा, फुकट दिसतो. उफिझी संग्रहालयाचं तिकीट आधीच काढा, सोमवारी ते बंद असतं, डेव्हिड आहे ते अकादेमियाही बंद. आणि उफिझी सगळं बघायच्या फंदात पडू नका. बोत्तिचेल्ली या चिताऱ्याच्या दालनात बाकावर बसा. हा खजिना एका जागी राहिला तो फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्यातल्या शेवटच्या बाईमुळे. आना मारिया लुइझा तिचं नाव. तिला मूल नव्हतं. 1737मध्ये तिनं करार करून घराण्याचा सगळा संग्रह राज्याला दिला, अट एकच : यातलं काहीही फ्लॉरेन्सच्या बाहेर जाणार नाही. आपल्या किती वाड्यांमधल्या वस्तू भावांच्या वाटण्यांत आणि भंगारवाल्याकडे गेल्या ते आठवून मला त्या बाईला नमस्कार करावासा वाटला.

सिएनाला रेल्वेपेक्षा बसनं जा. रेल्वे स्टेशन टेकडीखाली आहे, बस वर गावाजवळ सोडते. शिंपल्यासारखा उतरता चौक आहे, तिथे विटांच्या फरशीवरच लोक बसतात, लेटतात. तुम्हीही बसा. चौकातल्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत लोरेन्झेत्तीनं 1338-39 साली चांगला कारभार आणि वाईट कारभार अशी चित्रं काढली. चांगल्या कारभारात वेशीबाहेर नांगरट चाललीय, खळं चाललंय, गाढवांवर माल लादून लोक बाजाराला निघालेत. वाईट कारभारात रानं ओसाड. साडेसहाशे वर्षांहून जुनी जाहीरनाम्याची पाटीच म्हणा ना. (दुरुस्तीसाठी ती दालनं अधूनमधून बंद असतात, आधी चौकशी करा.) पुढे दहा वर्षांच्या आत, 1348मध्ये प्लेग आला. वाढवायला घेतलेलं चर्च अर्ध्यावर राहिलं, त्याची एक उंच भिंत अजून तशीच उभी आहे.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. जुलै-ऑगस्टात परभणीचा पावसाळा सोडून तिथल्या उन्हात जाण्यात अर्थ नाही, आणि 15 ऑगस्टच्या आसपास बरीच दुकानं बंद असतात. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांची फी 90 युरो, प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो.

ताई, औसा तालुक्यात आमची बारा एकर कोरडवाहू. मला चित्रांतलं काही कळत नाही. टस्कनीत शेतकऱ्यानं बघावं असं काय आहे? शेतावर मुक्काम करता येतो हे खरं का?

खरं आहे, त्याला ते 'आग्रितुरिस्मो' म्हणतात. आणि भाऊ, तुम्हाला जे दिसेल ते चित्रं बघायला गेलेल्यांना दिसणार नाही.

कॅलेंडरवर छापतात ती टस्कनी आठवा : टेकडीवर एकटं घर, घरापर्यंत सरूच्या झाडांची रांग. आपल्याकडे गाव एका जागी आणि शिवार मोकळं. तिथे घरं रानात का विखुरली? बटईमुळे. तिचं तिकडचं नाव 'मेझाद्रिया', म्हणजे सरळ निम्मेबटई. जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाच्या सगळ्या कुटुंबानं, पीक अर्धं अर्धं. एकेका कुटुंबाला जमिनीचा एकेक तुकडा आणि त्यातच घर, म्हणजे राखण आपोआप. शेकडो वर्षं हे चाललं. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं कारखान्यांकडे पळाली, घरं ओस पडली. 1964च्या कायद्यानं नवे बटईचे करार बंद केले. त्याच पडक्या घरांत आज आपण पैसे देऊन झोपतो. 1985मध्ये शेतावरच्या मुक्कामांचा कायदा झाला, त्यातली मेख अशी की मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, पाहुणे जोडधंदा म्हणून. आपल्याकडे रानात चार खोल्या, एक झोका आणि वर 'हुरडा पार्टी'चा फलक लावला की झालं कृषी पर्यटन. ज्वारी कुणाच्या रानातली ते विचारू नये.

मी सिएनाच्या दक्षिणेला एका शेतावर दोन रात्री राहिले. म्हातारबाबांना इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन येत नव्हतं. त्यांनी वाकून ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, मला दिलं. राखाडी चिकणमाती, ओली असताना चपलेला धरून बसणारी, वाळली की भेगाळणारी. मी मोबाइलवर आमच्या काळ्या रानाचा उन्हाळ्यातला फोटो दाखवला, हात जाईल एवढ्या भेगांचा. त्यांनी तो बायकोला नेऊन दाखवला. मग आमची जी काही बैठक जमली ती दुभाष्याविना तासभर चालली.

गव्हाची हिरवळ बघायची तर एप्रिल-मे, द्राक्षतोड सप्टेंबरात, ऑलिव्हची ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पिएन्झा आणि मोन्ताल्चिनो या गावांच्या मधला ओर्चा नदीचा भाग बघा. तो 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि राजवाड्यासाठी नव्हे, माणसानं कसून घडवलेल्या शिवारासाठी.

पिसाचा कलता मनोरा खरंच बघण्यासारखा आहे, की फोटोपुरता? (जालना)

अर्ध्या दिवसाचा आहे. मनोऱ्याला हातानं टेकू देणारे लोक बघण्यातच निम्मी करमणूक होते. काळ्या रानात घर बांधलेल्यांना कलण्याचं कारण सांगायला नको : खाली मऊ चिकणमाती. 1173ला काम सुरू झालं, तीन मजले झाल्यावर कलू लागला, मग जवळजवळ शंभर वर्षं काम बंद. त्या खंडात माती दबून घट्ट झाली म्हणूनच तो वाचला, नाहीतर पूर्ण होण्याआधीच पडता. 1990मध्ये बंद केला, कललेल्या बाजूच्या उलट्या अंगाची माती हळूहळू काढून थोडा सरळ केला आणि 2001मध्ये उघडला. पूर्ण सरळ केला नाही. तेवढं व्यवहारज्ञान त्यांना आहे.

आम्ही माळकरी. तिकडे उपाशी राहू का? (नांदेड)

नाही. टस्कनीचं जेवण गरिबांच्या चुलीवरचं आहे. पावात मीठ नसतं, पहिल्या घासाला सगळे नाक मुरडतात. आपण भाकरीत तरी कुठे मीठ घालतो? शिळा पाव, पांढरा घेवडा आणि गडद हिरवा पालेदार कोबी एकत्र शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात, ती 'रिबोल्लिता'. तिचा आणि आपल्या फोडणीच्या भाकरीचा गोत्रसंबंध असावा. पण फोडणीत डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात, म्हणून 'सेंत्सा कार्ने' (मांसाविना) म्हणून थांबू नका, रस्सा कशाचा तेही विचारा. 'पिचि आल्लाल्योने' म्हणजे हातानं वळलेल्या जाड शेवया, लसूण-टोमॅटोच्या रशात. चीज कडक पाळणाऱ्यांनी टाळावं, बहुतेक जुन्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं.

आणि ते धिरडं, 'चेचिना' : हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजलेलं. वर मिरपूड. मिरची नाही हेच दुःख. पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी होती, त्यामुळे निभावलं. चटणी न्या, धपाटे न्या, पण तूप, पेढे, खवा नेऊ नका. बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी आहे.

गाडी भाड्यानं घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)

शहरांत नाही, खेड्यांसाठी दोन दिवस घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. जुन्या गावांच्या वेशीवर लाल वर्तुळाची पाटी असते, आत बाहेरच्या गाड्यांना मनाई, कॅमेरे टिपतात. आम्ही एका गावात त्याच वेशीतून दोनदा गेलो, कारण पहिल्यांदा पार्किंग सापडलं नाही. दंडाची दोन पत्रं चार महिन्यांनी आली.

ताई, माझं माहेर कोल्हापूर, सासर लातूर. फ्लॉरेन्सला आपल्या महाराजांची समाधी आहे म्हणतात. कुठे?

आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, वय अवघं वीस. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. दहन नदीकाठी केलं, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर. 1874मध्ये तिथे छत्री उभारली, खाली त्यांचा अर्धपुतळा, फेटा-दागिन्यांसह, रंगीत. जवळच्या पुलाला लोक अजून 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे हिंदी माणसाचा पूल. कास्चिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. बाग साडेतीन किलोमीटर लांब आणि ट्राम तिच्या शहराकडच्या तोंडाशी सोडते, तेव्हा सायकल घ्या किंवा पाण्याची बाटली घेऊन सकाळीच चाला. मी गेले तेव्हा तिथे एक कुत्रं फिरवणारे आजोबा होते, त्यांनी विचारलं, तुमचे कोण? मी म्हटलं, आमचे राजे. त्यांनी टोपी काढली. फुलं बागेत मिळत नाहीत, शहरातूनच घेऊन जा.