दोन वाट्या आणि एक अंगठी

प्रश्न : माझी होणारी सून आयर्लंडची. तिच्या अंगठीवर दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट आहे. अर्थ काय? तिला मंगळसूत्र केलं तर चालेल? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, ती क्लाडा अंगठी. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरालगतच्या क्लाडा नावाच्या जुन्या मच्छीमारांच्या वस्तीतली, आपल्या वरळी कोळीवाड्यासारख्या. हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचं, मुकुट निष्ठेचा. हृदयाचं टोक मनगटाकडे असेल तर मन कुणाला तरी दिलेलं आहे, असा संकेत.

आपल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या म्हणजे माहेर आणि सासर. माझ्या आईच्या वाट्या दादरच्या खोलीत चाळीस वर्षांत झिजून गुळगुळीत झाल्या. आतल्या बाजूला हळद अजून आहे.

मंगळसूत्र जरूर करा, पण आधी तिला विचारा. आणि ती अंगठी मात्र काढायला लावू नका, हात जोडून सांगते.