त्साओ आडनाव एक, मुळे अनेक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘त्साओ’ या चिनी आडनावाबद्दलची पत्रे थांबत नाहीत. कुणाची मुलगी त्या घरात दिली आहे, कुणी मँडरिन शिकते आहे, कुणी नोकरीनिमित्त तिकडे राहते आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: आडनाव एक म्हणजे रक्त एक. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. उच्चाराचे आधीच सांगते. यातला ‘त्सा’ म्हणजे आपल्या ‘चाक’मधला ‘चा’, ‘चार’मधला नव्हे. मराठी माणसाला हा उच्चार सहज जमतो, त्यामुळे ‘Cao’ हे रोमन स्पेलिंग पाहून ‘काओ’ म्हणायचे काही कारण नाही.

प्रश्न: सगळे त्साओ एकाच पूर्वजाचे वंशज आहेत का? (नाशिक)

नाहीत. निदान तीन वेगळी मुळे तर इतिहासातच नोंदलेली आहेत.

पहिले मूळ त्साओ नावाच्या राज्याचे. इ.स.पू. 1046च्या सुमारास झोऊ राजा वू याने शांग घराणे उलथवले आणि आपला धाकटा भाऊ झेनदुओ याला आजच्या शांदोंग प्रांतातल्या दिंगताओ भागात जहागीर दिली. या भावाचे मूळ कुलनाम ‘जी’ होते. इ.स.पू. 487 मध्ये सोंग राज्याने त्साओ राज्य बुडवले, आणि वंशजांनी गेलेल्या राज्याचे नाव आडनाव म्हणून धरून ठेवले. दुसरे मूळ त्याच शांदोंगच्या दक्षिणेतल्या झू या छोट्या राज्याचे. तिथल्या राजांचे कुलनामच त्साओ होते आणि झोऊ राजघराण्याशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. हे राज्य पुढे चू राज्याने गिळले. तिसरे मूळ पार समरकंदच्या आसपासचे. तिथल्या सोग्दियन, म्हणजे मध्य आशियातल्या, व्यापाऱ्यांना चीनमध्ये त्यांच्या गावानुसार आडनावे मिळाली: समरकंदचे ते कांग, बुखाराचे ते आन, ताश्कंदचे ते शी, आणि समरकंदजवळच्या ज्या राज्याला चिनी लोक त्साओ म्हणत तिथले ते त्साओ.

याशिवाय दत्तक गेलेले, घरजावई झालेले, मालकाचे आडनाव घेतलेले वेगळेच. तुमच्या ओळखीचे त्साओ यांपैकी कोण, हे आडनावावरून कुणीही सांगू शकणार नाही. त्यांचे मूळ गाव कोणते ते आधी विचारा आणि मग त्या भागाच्या वंशावळी जाणणाऱ्याकडे जा.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीचे माहेरचे आडनाव त्साओ. ती स्वतःची वाय-गुणसूत्र चाचणी करू शकते का? (ठाणे)

नाही. वाय-गुणसूत्र वडिलांकडून फक्त मुलाकडे जाते, स्त्रीला ते नसते. सख्खा भाऊ, वडील, काका किंवा चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाची तरी चाचणी करावी लागेल, तीही त्यांच्या लेखी संमतीने.

प्रश्न: माझे पणजोबा ग्वांगदोंगहून मुंबईला आले आणि माझगावात राहिले. कागदांवर आडनाव इंग्रजीत लिहिले आहे, उच्चार ‘चाव’. एका नातेवाइकाचे म्हणणे, आपण त्साओ. खरे का? (मुंबई)

मला तरी शंका आहे. ग्वांगदोंगकडच्या कँटोनीज बोलीत ‘चाव’ म्हणजे बहुधा झोऊ हे वेगळेच आडनाव. त्साओचा उच्चार त्या बोलीत ‘च्छो’च्या जवळ जातो. मात्र बंदरावरच्या कारकुनाने कानाला जे ऐकू आले ते रोमन लिपीत उतरवले असणार, त्यामुळे त्या स्पेलिंगवर कोणताच निष्कर्ष उभा करू नका. मूळ चिनी अक्षर मिळाल्याशिवाय पुढे जाऊच नये.

अक्षर मिळण्याची पहिली जागा थडगे. चिनी थडग्यावर नावासोबत बहुधा जिल्हा आणि गावही कोरलेले असते. दुसरी जागा तुमच्या घराजवळच आहे. माझगावातले सी यिप कून हे देऊळ 1919चे. ‘सी यिप’ म्हणजे चार जिल्हे: शिनहुई, ताईशान, काईपिंग आणि एनपिंग. त्या जिल्ह्यांतून आलेल्यांनीच ते उभारले. तिथल्या जुन्या मंडळींना प्रत्यक्ष भेटा, पणजोबांचे नाव आणि घरात बोलली जाणारी बोली सांगा. अक्षर कळल्यावरच चाचणीचा विचार करा.

प्रश्न: शांघायमधल्या माझ्या सहकाऱ्याने लाळेची चाचणी केली. अहवालात ‘ओ-एम268, सम्राट त्साओ त्साओचा वंश’ असे लिहिले आहे. आणखी पैसे भरले तर प्रमाणपत्र मिळणार आहे. दुसरीकडे वाचले की त्साओ त्साओ मुळात त्साओ नव्हताच, शियाहोऊ घराण्यातला होता. नक्की काय? (पुणे)

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणार आहे, कारण असे अहवाल वरचेवर माझ्यासमोर येतात आणि दर वेळी कुणाच्या तरी खिशातून पैसे गेलेले असतात.

आधी इतिहास. त्साओ त्साओ (155–220) हा आजच्या आन्हुई प्रांतातल्या बोझोऊचा. हान साम्राज्याची खरी सत्ता त्याच्या हाती होती, पण सम्राट तो जिवंतपणी कधीच झाला नाही. ती पदवी त्याच्या मुलाने त्याला मरणोत्तर दिली. त्याचे वडील त्साओ सोंग हे त्साओ तेंग या दरबारी खोजाने दत्तक घेतलेले. ते कुठल्या घरातून दत्तक आले, हे इतिहासकार चेन शोऊ यालाही ठरवता आले नाही. शियाहोऊ घराण्याची कथा मुख्यतः आली ती वू या शत्रुराज्यात लिहिलेल्या चरित्रातून. शत्रूने लिहिलेले चरित्र प्रमाण मानून लोक आजही ती कथा सांगत राहतात, याचे मला वाईट वाटते.

आता विज्ञान. शांघायच्या फुदान विद्यापीठात ली हुई, जिन ली आणि इतिहासकार हान शेंग यांच्या गटाने 2010 मध्ये हे काम हाती घेतले. वंशावळी सांभाळून असलेल्या अनेक त्साओ कुळांतल्या पुरुषांची वाय-गुणसूत्रे तपासली. त्साओ त्साओचे वंशज म्हणवणाऱ्या कुळांत ओ-एम268 ही वाय-गुणसूत्राची शाखा इतरांपेक्षा ठळकपणे जास्त दिसली. मग बोझोऊच्या एका थडग्यात 1970च्या दशकात सापडलेले दात तपासले. ते त्साओ दिंग याचे, म्हणजे त्साओ तेंगच्या भावाचे, असे मानले जाते. त्यांतही तीच शाखा निघाली. म्हणजे दत्तक भाऊबंदांतूनच घेतलेला असावा, बाहेरून नव्हे. शियाहोऊ कुळांची शाखा वेगळी निघाली. हान काळातला मंत्री त्साओ त्सान हा मूळपुरुष, असे चेन शोऊने लिहून ठेवले होते. तेही जुळले नाही.

काम चांगले आहे, मी ते आदराने वाचते. पण ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट पाहा. 2009 मध्ये आनयांगजवळ त्साओ त्साओचे म्हणून जाहीर झालेल्या थडग्यातल्या हाडांच्या डीएनएवर हा निष्कर्ष उभा नाही. तो उभा आहे आजच्या कुळांच्या दाव्यांवर आणि एका नातेवाइकाच्या दातांवर. त्यामुळे त्याला ‘बहुधा’ म्हणायचे, ‘सिद्ध’ नाही.

आणि आता प्रमाणपत्र विकणारी कंपनी. ओ-एम268 शाखेची खूण असलेले उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, त्साओ त्साओच्या हजारो वर्षे आधीचे आहे. त्याच्या पोटशाखा जपानी आणि कोरियन पुरुषांत आहेत, व्हिएतनाममध्ये आहेत, आणि आपल्याकडच्या मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांत व खासी पुरुषांतही आहेत. मग या सगळ्यांना त्साओ त्साओचे वंशज म्हणायचे का? फुदानच्या गटाने पुढे जाऊन एफ1462 ही आणखी बारीक खूण दिली. तुमच्या सहकाऱ्याच्या अहवालात ती आहे का? नसेल तर अहवालातले ते वाक्य निराधार आहे. असली तरी ती खूण इतर आडनावांच्या लोकांतही असू शकते. ती असणे म्हणजे शक्यता खुली राहणे, एवढेच.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. एक पिढी 28 वर्षांची धरली, तर त्साओ त्साओपासून आजपर्यंत साधारण 65 पिढ्या होतात. फक्त 10 पिढ्या मागे गेलो तरी 1,024 पूर्वज होतात. वाय-गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाचा माग देते, उरलेल्या 1,023 जणांबद्दल ते अवाक्षर काढत नाही. त्यात सगळ्या आज्या, पणज्या, खापरपणज्या आल्या. ‘तुमचा वंश’ या मथळ्याखाली एवढे सगळे लोक पुसून टाकणारा कागद विकणे ही फसवणूक आहे आणि मी तिला फसवणूकच म्हणणार.

वंशाचा दावा त्या घराण्याने स्वतः किती वेळा बदलला तेही बघा. त्साओ तेंगच्या शिलालेखात लिहिले होते की आम्ही झू राज्याचे. त्साओ त्साओने लिहिले की आम्ही झेनदुओचे. त्याचा नातू त्साओ रुई सम्राट झाल्यावर पुराणातल्या शुन राजाला मूळपुरुष ठरवले गेले. सत्ता वाढली तसा पूर्वजही मोठा होत गेला. आज हेच काम कंपन्या पैसे घेऊन करतात.

सहकाऱ्याला सांगा, पैसे भरू नका. कच्ची माहिती मागून घ्या, घरची वंशावळ शोधा आणि दोन्ही गोष्टी घेऊन विद्यापीठातल्या लोकसंख्या-जनुकशास्त्राच्या अभ्यासकाला भेटा.

प्रश्न: सहाव्या शतकात चीनमध्ये ‘त्साओ ब्राह्मण’ नावाचा वादक होता असे व्हॉट्सॲपवर वाचले. म्हणजे काही त्साओ भारतीय ब्राह्मणांचे वंशज ठरतात ना? (कोल्हापूर)

ठरत नाहीत. माणूस मात्र खरा आहे. त्साओ पोलोमेन हे त्याचे चिनी नोंदीतले नाव, आणि ‘पोलोमेन’ हे ‘ब्राह्मण’ शब्दाचे चिनी रूप, हेही बरोबर. उत्तर वेई घराण्याच्या काळात त्याने मध्य आशियाच्या व्यापारी मार्गावरच्या कुचा राज्याच्या पद्धतीची पिपा एका व्यापाऱ्याकडून शिकली. पिपा म्हणजे तारा छेडून वाजवायचे वाद्य. घराण्यात ती कला पुढे चालली आणि नातू त्साओ म्याओदा तर उत्तर छी घराण्याचा सम्राट गाओ यांग याचा आवडता वादक झाला.

पण हे घराणे मध्य आशियातल्या त्साओंपैकी मानले जाते. व्यापारी रस्त्यांवर भारतीय शब्द आणि बौद्ध नावे सर्रास फिरत होती. नाव भारतीय म्हणून माणूस भारतीय, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि त्याच्या वंशजांची कोणतीही जनुकीय ओळख आज आपल्या हाती नाही. असे निरोप पुढे पाठवण्याआधी चिनी इतिहास शिकवणाऱ्या कुणाला तरी एकदा विचारत जा.

प्रश्न: कोरियन ‘चो’ आणि चिनी त्साओ एकच का? (औरंगाबाद)

काही चो तेच अक्षर लिहितात, चांगन्योंगचे चो तर वरची एक उभी रेघ गाळून. पण बहुसंख्य चो हे वेगळ्या अक्षराचे, म्हणजे चिनी ‘झाओ’. व्हिएतनाममध्ये त्साओचे ‘ताओ’ होते, आणि तिथले ‘काओ’ म्हणजे चिनी ‘गाओ’. अक्षर बघा.

प्रश्न: मी चीनमध्ये आहे. इथल्या मित्राची लाळ परदेशी कंपनीकडे टपालाने पाठवली तर चालेल का? (सुझोऊ)

पाठवू नका. जुलै 2019पासून लागू असलेल्या मानवी जनुकीय संसाधनांच्या नियमांनुसार परदेशी व्यक्तीने चीनमध्ये नमुने गोळा करणे किंवा ते देशाबाहेर पाठवणे हा गंभीर विषय आहे. काही करण्याआधी तिथल्या वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न: माझे होणारे पती त्साओ, मूळ ग्वांगशीचे. आडनावावरून आनुवंशिक आजाराचा धोका कळतो का? (बंगळुरू)

आडनावावरून नाही. पण प्रदेश महत्त्वाचा आहे आणि हा प्रश्न लग्नाआधी विचारलात हे फार चांगले केलेत. दक्षिण चीनमध्ये थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आहेत, आपल्याकडेही आहेत. दोघांची तपासणी करून घ्या. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नेहमीच्या एचबीए2 चाचणीत अल्फा थॅलेसेमिया सुटू शकतो, म्हणून त्यांचा मूळ प्रांत डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या. लाळेच्या घरगुती चाचणीवर विसंबू नका.

प्रश्न: सासऱ्यांचे काका 88 वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे त्साओ घराण्याची जुनी हस्तलिखित वंशावळ आहे म्हणतात. मुलांच्या परीक्षा झाल्या की पुढच्या वर्षी जाऊन बघू असे ठरले आहे. तोवर चाचणी करून ठेवावी का? (सिंगापूर)

चाचणी थांबू शकते. 88 वर्षांचा माणूस थांबेल याची खात्री कोण देणार? पुढच्या वर्षावर टाकू नका.

आपल्याकडचे कुलवृत्तान्त असतात तशा या ‘जियापू’. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत, 1966 ते 1976, त्या मोठ्या प्रमाणावर जाळल्या गेल्या. 1980नंतर पुष्कळ घराण्यांनी त्या नव्याने लिहिल्या, आणि लिहिताना वर एखादा थोर पूर्वज जोडून दिला. म्हणून जुनी हस्तलिखित प्रत हाती असणे ही मोठी गोष्ट आहे. तिचे अलीकडच्या आठ-दहा पिढ्यांचे भाग बहुधा भरवशाचे असतात. झेनदुओपर्यंतची सुरुवातीची पाने मात्र जपून वाचायची.

या महिन्यात कुणाला तरी पाठवा. प्रत्येक पानाचे उजेडात छायाचित्र घ्या, कोरी पाने आणि मुखपृष्ठसुद्धा. काकांचा आवाज ध्वनिमुद्रित करा. मूळ गाव, घराण्याच्या सभागृहाचे नाव, स्थलांतर कोणत्या पिढीत झाले, कोण दत्तक आले, हे सगळे विचारा. आणि पिढीची अक्षरे विचारायला विसरू नका. एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात एक सामाईक अक्षर असते आणि ती अक्षरे ओळीने लावली की एक कविता होते. ती कविता काकांना तोंडपाठ असेल, पोरांना नसेल. नंतर एखादी हरवलेली शाखा सापडली, तर ती आपलीच का हे त्या ओळींवरूनच ताडून बघता येईल.

छायाचित्रे अभिजात चिनी वाचू शकणाऱ्या माणसाला दाखवा. सिंगापुरातली कुलमंडळे यात मदत करतात. शांघाय ग्रंथालयात चिनी वंशावळींचा फार मोठा संग्रह आहे, तिथे त्याच गावची दुसरी प्रत मिळते का पाहता येईल. काकांची संमती असेल तर लाळेचा नमुना जरूर जपा, पण कोणती चाचणी, कुठे आणि कोणत्या नियमांत, हे तज्ज्ञाशी बोलूनच ठरवा. फोन मात्र आज करा.