‘मदत पाहिजे’वर टिक केली तर पोरीचं नाव कापतील काय?

परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या मुलांना मी सल्ला देते. गणपती झाले की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाच्या अर्जात आर्थिक मदत मागितली, तर अर्ज तिथंच बाजूला पडतो का? दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका बापलेकीची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग जॉबवर्कवर करून द्यायचं, हाताखाली दोन पोरं. कागलकडे वडिलोपार्जित ऊस, सातबारावर दोन भावांसकट तिघांची नावं, दारात दोन म्हशी. मुलगी बारावी सायन्सला. अस्सल कोल्हापुरी बोलायची. ‘‘मी समद्या वेबसाइट वाचलो मॅडम, पण पैशाचं कुठं सरळ लिवलेलंच न्हाई.’’

वडिलांनी फाइल टेबलावर ठेवली आणि मुद्द्यावर आले. एका एजंटानं त्यांना सांगितलं होतं, ‘‘मदतीच्या प्रश्नाला ‘नाही’ टाका. एकदा पोरगी आत गेली की पैशाचं मागनं बघू. बँक बॅलन्स दाखवायची सोय आम्ही करतो.’’ त्या भरवशावर यांनी भावांकडे वाटणीचा विषयही काढला होता. आपला तुकडा विकून पहिलं वर्ष निघेल, असा हिशोब.

मी कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे सरकवला. मोठ्या खासगी विद्यापीठाचा राहण्याजेवणासकट एका वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो, म्हणजे साधारण ७० लाख. गुणिले चार. ते आकड्याकडे बघत राहिले, मग चष्मा काढून पुसला.

आता प्रश्नाचं उत्तर. ‘मदत मागितली म्हणून काही बिघडत नाही’ असं पालकांना सरसकट सांगणारे खोटं बोलतात, आणि ‘मागितली की संपलं’ म्हणणारेही. ते विद्यापीठावर अवलंबून असतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड आहेत. प्रवेशाचा निर्णय घेताना तुम्ही पैसे मागितलेत की नाही, हे तिथं पाहत नाहीत, आणि घेतलं तर गरज पूर्ण भागवतात. डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये या यादीत आली, ब्राऊन २०२५च्या प्रवेशापासून. यादी जेमतेम दहाएक नावांची आहे. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल यांच्याकडे परदेशी मुलाच्या बाबतीत पैशाची गरज निर्णयात धरली जाते. याला नीड-अवेअर म्हणतात. तिथं फरक पडतो, मी तो लपवत नाही. पण घेतलं तर मदत पुरेशी देतात.

‘‘म्हंजे स्टॅनफर्डला ‘नाही’ टाकू या की,’’ वडील म्हणाले.

इथंच सगळे फसतात. स्टॅनफर्डचा नियम असा की, परदेशी विद्यार्थ्यानं अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. आणखीही कॉलेजांचे नियम याच वळणाचे आहेत. एजंटाचं ‘मागनं बघू’ म्हणजे जिथं दार नाही तिथं भिंतीवर काढलेलं दार.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. या कामात नवीन असताना एका मुलाला मीच असला सल्ला दिला होता. आधी प्रवेश तर मिळू दे, मग लिहू त्यांना. प्रवेश मिळाला. घरी पेढे वाटले, गल्लीत फलक लागला. आम्ही मदत विभागाला तीन मेल लिहिले आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: नियमात बसत नाही. मे महिन्यात त्यानं जागा सोडली. हल्ली तो पुण्यात नोकरी करतो, दिवाळीत भेटायला येतो. तो विषय तोही काढत नाही, मीही नाही.

वडिलांची खरी अडचण मात्र नियमांची नव्हतीच, हे मला दुसऱ्या भेटीत कळलं. मुलगी पाणी आणायला बाहेर गेली तसे ते हळूच म्हणाले, ‘‘कसं हाय मॅडम, आजवर कुणाफुडं हात पसरला न्हाई. परक्या देशात मागून शिकायचं म्हंजे...’’ मी विचारलं, तुमचे वडील कुठं शिकले? म्हणाले, कोल्हापुरातच, बोर्डिंगात राहून. मग मी काहीच बोलले नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी या गावात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. त्यात राहून शिकलेल्यांची नातवंडं आज मदतीचा फॉर्म भरायला लाजतात, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘द्या तो फारम.’’

फॉर्म म्हणजे सीएसएस प्रोफाइल, घरचं उत्पन्न आणि मालमत्ता कॉलेजला कळवायचा ऑनलाइन अर्ज. अशी मदत देणारी बहुतेक कॉलेजं हाच मागतात. फाफ्सा नावाचा दुसरा एक असतो, तो अमेरिकी नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसारख्यांसाठी, आपल्या मुलांनी त्याच्या नादी लागू नये. सीएसएसला पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे १६. अर्जाची फी वेगळी. परवडत नसेल तर कॉलेजला साधा मेल लिहून फीमाफी मागावी, बरेचदा मिळते. आमची तर निम्म्याहून जास्त माफ झाली.

हा फॉर्म अमेरिकेतल्या पगारदार घरांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलाय, आणि आपलं घर त्यात सहज बसत नाही. आकडे रुपयांत भरायचे असतात. एका मुलानं मागं डॉलर समजून भरले आणि कागदोपत्री बाप कारखानदार झाला. ऊसबिल आणि दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल यांना तिथं आयता रकाना नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्नमध्ये दिसतं ते फक्त वर्कशॉप. पीककर्ज सेवा सोसायटीचं, ते कारखाना बिलातूनच वळतं करतो, म्हणजे खात्यावर जमा होणारा आकडा आणि बिलाचा आकडा जुळत नाही. शिवाय जमीन. हायवेजवळ असल्यामुळे बाजारभाव ऐकून माणूस करोडपती वाटावा, आणि हातात वर्षाला दीड लाख.

वडिलांचं म्हणणं, जमीन दाखवायचीच नाही. मी म्हटलं, दाखवायची, पण तिची गोष्ट सांगून. फॉर्ममध्ये घरची विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. त्यात आम्ही लिहिलं की जमीन सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, यांचा हिस्सा एक तृतीयांश, त्यावर घर चालतं आणि भावांच्या सहीशिवाय ती विकता येत नाही. सोबत सातबारा आणि आठ-अ, दोन हंगामांची ऊसबिलं, सोसायटीचा कर्जखाते उतारा, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून. ते भाषांतर मुलीनंच केलं. ‘जिरायत’ला इंग्रजी शब्द शोधण्यात तिची एक संध्याकाळ गेली, आणि ‘पोटखराबा’वर आम्ही दोघींनी हात टेकले.

कॉलेजांच्या यादीवर भांडण झालं. तिला फक्त मोठी पाच नावं हवी होती. हार्वर्ड शंभरातल्या तीन-चार अर्जदारांना घेतं, एमआयटीत परदेशी मुलांचं प्रमाण त्याहून कमी. गुण तर सगळ्यांचेच असतात. मी नीड-ब्लाइंडमधली चार ठेवली आणि जिथं परदेशी मुलांची गरज पूर्ण भागवतात अशी, तिला नावंही माहीत नसलेली छोटी कॉलेजं सात घातली. आठवडाभर तिनं तोंड फुगवलं होतं. एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा पुण्याला जाऊन दिली. अर्जासोबतच्या निबंधाचा पहिला मसुदा रंकाळ्याच्या सूर्यास्तावर होता, तो मी परत दिला. दुसरा वर्कशॉपमधल्या रिजेक्ट कास्टिंगवर होता. कुठल्या बॅचमध्ये किती ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेनं पडलेली भोकं, निघतात याची वही ती नववीपासून ठेवत होती आणि मला ते महिनाभर कळलंच नव्हतं. त्यातला मी एक शब्द बदलला नाही.

मार्चअखेरीस निकाल आले. चारही मोठ्या नावांनी नकार दिला. एका ठिकाणी वेटलिस्ट, आणि सातांतल्या एका छोट्या कॉलेजात प्रवेश. घरानं वर्षाला २,९०० डॉलर भरायचे, म्हणजे साधारण अडीच लाख, बाकी सगळं कॉलेजचं. विमानभाडं आपलं. मुलगी पहिले दोन दिवस रडली, कारण मावशीला त्या कॉलेजचं नाव सांगून कळेना.

वडिलांना नावाचं काही नव्हतं. ते पत्र घेऊन आले आणि ओळ न् ओळ विचारली. ग्रँट म्हणजे परत फेडायची नाही ना? नाही. ही कॅम्पसवरची नोकरी काय? टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत करता येते, वरखर्च त्यातून. कर? ट्यूशनवरच्या मदतीला नाही, पण राहण्याजेवणासाठी मिळणाऱ्या ग्रँटवर अमेरिका साधारण १४ टक्के कापून घेते. हे कुणी आधी सांगत नाही आणि पहिल्याच टर्मला मुलं गांगरतात. भारताशी असलेल्या करारामुळे रिटर्न भरताना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं आणि त्यातलं काही परत येतं. मी कागदावर लिहून दिलं. व्हिसासाठी बँक बॅलन्स? व्हिसासाठी कॉलेज जो आय-ट्वेंटी नावाचा कागद देतं, त्यावरच कॉलेजची मदत छापून येते, दाखवायचा तो आपला अडीच लाखांचा वाटा.

शेवटी एकच गोष्ट अडली. पहिला हप्ता ऑगस्टमध्ये, आणि उसाचे पैसे गाळप सुरू झाल्यावर. मुलीनं मदत विभागाला मेल लिहिला, कारण जसंच्या तसं सांगून: आमचं पीक नोव्हेंबरनंतर तुटतं. दोन दिवसांत उत्तर आलं. महिन्याच्या हप्त्यानं भरा, व्याज नाही.

वडिलांनी तो मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, ‘‘आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवायला पायजे ह्यो.’’