एवायची ट्यून एसएन आणि सिडवर नेताना: कोडला हात लावण्याआधी चिप तपासा

तुमची पोस्ट वाचून मला माझेच जुने दिवस आठवले. तुम्ही झेडएक्स स्पेक्ट्रम १२८ या जुन्या घरगुती संगणकावरच्या एका खेळाची ट्यून, त्यातल्या एवाय या ध्वनी-चिपच्या रजिस्टरांत (चिपला हुकूम देणारे आकडे जिथे लिहायचे त्या कप्प्यांत) काय लिहिलं जातं त्याच्या नोंदींच्या रूपात उतरवून घेतलीत. मायक्रोकंट्रोलरवरून ती खऱ्या एवायवर नीट वाजते. तीच एसएन७६४८९ (पुढे नुसती एसएन) या दुसऱ्या ध्वनी-चिपवर पाठवली की वरची सुरावट बरोबर लागते, पण बेस भलतीकडे उड्या मारतो. आणि जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या ६५८१ सिडवर (कमोडोर ६४ संगणकातली ध्वनी-चिप) सगळं पातळ ऐकू येतं, त्यात फिल्टर (काही वारंवारता गाळून आवाजाचा रंग बदलणारी चिपमधली सोय) लावलेला भाग तर जवळजवळ गायबच. म्हणून तुम्ही प्लेअर, म्हणजे ट्यून चिपला पाठवणारा प्रोग्रॅम, पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलाय.

थांबा. प्लेअर आहे तसा राहू द्या. या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि दुसरीचं कारण तुमच्या कोडमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

वायरिंग, डीकपलिंग, बसची जोडणी यावर मी काही लिहीत नाही. एवाय वाजवता म्हणजे ते तुम्हाला येतं.

आधी एसएन. इथे एक योगायोग माणसाला फसवतो. स्पेक्ट्रम १२८ मध्ये एवायला १.७७३४ मेगाहर्ट्झचं क्लॉक (चिपला चालवणारा ठोका) असतं आणि ती त्याला १६ ने भागते. एसएन सहसा ३.५७९५ मेगाहर्ट्झवर चालते आणि ३२ ने भागते. दोन्हीकडे भागाकार सुमारे १ लाख ११ हजारांच्या आसपास येतो. म्हणून एवायचा पिरियड (या भागाकाराला ज्या आकड्याने भागलं की स्वराची वारंवारता मिळते तो) जसाच्या तसा एसएनमध्ये टाकला तरी वरचे स्वर जवळपास बरोबर लागतात, जेमतेम १६ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढे. ऐकणाऱ्याला वाटतं रूपांतर जमलं. पण एवायचा पिरियड १२ बिटांचा आहे, एसएनचा १०. १०२३ च्या पुढचा आकडा गेला की वरचे दोन बिट कापले जातात. ८२ हर्ट्झच्या स्वराला एवायवर पिरियड १३४५ लागतो, त्यातून १०२४ गेले की उरतात ३२१, आणि एसएनवर तो वाजतो ३४८ हर्ट्झला. तुमच्या बेसच्या उड्या त्या ह्याच. या क्लॉकवर एसएनचा सगळ्यात खालचा स्वर सुमारे १०९ हर्ट्झ, त्याखाली तिच्याकडे काहीच नाही.

उपाय तीन, आणि तिन्हींची किंमत मोजावी लागते. बेस एक सप्तक वर चढवा. हे सोपं आहे, पण ट्यूनचं वजन जातं. दुसरा उपाय, चिपचं क्लॉक निम्म्यावर आणा. तळ ५५ हर्ट्झपर्यंत जातो, पण उंच स्वरांमधली पायरी मोठी होते आणि ते किंचित बेसूर लागायला लागतात. तिसरा, खरखर काढणारा नॉइज चॅनल पिरिऑडिक मोडमध्ये (यात एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजतो) टाकून त्याला तिसऱ्या टोन चॅनलची वारंवारता द्या. खर्ज खरा मिळतो, मात्र तिसरा आवाज त्यात खर्ची पडतो. यात एक खाच आहे जी माहितीपत्रक वाचून लक्षात येत नाही. सेगाच्या खेळयंत्रांमधल्या चिपचं, हा नमुना फिरवणारं शिफ्ट रजिस्टर १६ बिटांचं आहे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सुट्या एसएन७६४८९ चं १५ बिटांचं. म्हणजे एक १६ ने भागते, दुसरी १५ ने. सेगासाठी मांडलेला तोच बेस सुट्या चिपवर एका अर्धस्वराहून थोडा जास्तच चढा लागतो. तुमच्या हातात कोणती आहे ते पाहून टेबल बनवा. माझं मत विचाराल तर मी दरवेळी तिसराच मार्ग घेतो. मधला आवाज गेला तरी चालतो, खर्ज गेला की ती ट्यून उरत नाही.

आवाजाची पातळीही तशीच उचलू नका. एसएनमध्ये ० म्हणजे सर्वात मोठा आणि १५ म्हणजे गप्प, हे तुम्ही उलटवलं असणारच. पण एवायची पायरी साधारण ३ डेसिबलची, एसएनची २ ची. नुसती १५ मधून वजाबाकी केली तर प्रत्येक स्वर विरायला हवा तितका विरत नाही, शेपूट लांबत राहतं. १६ आकड्यांचं एक टेबल घाला, काम झालं. आणि तुमच्या ट्यूनमध्ये एवायचा हार्डवेअर एन्व्हलप (पातळी आपोआप चढवणारी-उतरवणारी सोय) बेससारखा गुरगुरवला असेल, तर एसएनवर त्याला पर्यायच नाही. तो भाग नव्याने मांडावा लागेल.

आता सिड. इथे मी सविस्तर लिहिणार, कारण माझे कित्येक आठवडे इथेच गेले.

मी ६५८१ एका विक्रेत्याकडून घेतली होती. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, ‘तपासलेली, तिन्ही आवाज चालू’. चिप आली, लावली, तिन्ही आवाज खरंच चालू. साध्या ट्यून छान वाजल्या. फिल्टरच्या ट्यून मात्र मेल्यासारख्या. एमुलेटरमध्ये (चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जो बेस उघडत-मिटत जायचा तो चिपवर सरळ बारीक होऊन जायचा. सिडची २९ रजिस्टरं, त्यातली २५ फक्त लिहिण्याची. म्हणजे लिहिलेलं पोचलं की नाही हे वाचून बघायची सोय नाही. मग संशय जातो तो कोडवर, टायमिंगवर, वीजपुरवठ्यावर, ब्रेडबोर्डवर. चिपवर जात नाही, कारण ती ‘तपासलेली’ आहे. त्या एका शब्दाने माझा सगळा वेळ खाल्ला.

शेवटी एका मित्राची खात्रीची ६५८१ त्याच सॉकेटमध्ये बसवली. कोड तोच, बोर्ड तोच, आणि फिल्टर पहिल्या क्षणी उघडला.

विक्रेत्याला लिहिलं. आधी उत्तर आलं, आवाज येतोय ना? मग व्हिडिओ मागितला, तो दिला. मग म्हणाले, बसवताना तुम्हीच स्थिर विजेने घालवली असेल. मी विचारलं, तुम्ही फिल्टर तपासला होता का, आणि तपासला असेल तर कसा? याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. मला राग पैशांचा नाही. ज्या भागासाठी लोक ही चिप शोधत फिरतात तोच भाग न तपासता ‘तपासलेली’ लिहायचं, आणि नवख्या माणसाला महिनोन्‌महिने स्वतःच्या कामावर शंका घेत बसवायचं, याचा आहे. ६५८१ मध्ये आवाज शाबूत आणि फिल्टर मेलेला हा प्रकार दुर्मिळ नाही. विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

म्हणून चाचणी अशी करा. ट्यून वगैरे काही नको, आठ रजिस्टरं पुरतात. रजिस्टर १ मध्ये ७, रजिस्टर ० मध्ये ०. साधारण १०५ हर्ट्झचा स्वर मिळेल. ५ मध्ये ०, ६ मध्ये २४०, ४ मध्ये ३३, म्हणजे करवती तरंग आणि गेट (स्वर सुरू करणारा बिट) चालू. २४ मध्ये १५. हा झाला फिल्टरशिवायचा आवाज, तो ऐकून ठेवा. आता २३ मध्ये १ आणि २४ मध्ये ३१ लिहा. पहिला आवाज लो-पास (खालच्या वारंवारता सोडणाऱ्या) फिल्टरमधून जाऊ लागेल. रजिस्टर २२ सावकाश ० पासून २५५ पर्यंत चढवा. चिप धडधाकट असेल तर आवाज बुजलेला सुरू होऊन हळूहळू उजळत जातो. काहीच बदललं नाही, किंवा आवाज फिल्टरमध्ये जाताच नाहीसा झाला, तर गडबड आहे. २४ मध्ये ४७ टाकून बँड-पास (मधल्या वारंवारता सोडणारा) आणि ७९ टाकून हाय-पासही (वरच्या सोडणारा) बघा. कधी कधी एखादाच प्रकार मेलेला असतो.

चिपला दोष देण्याआधी मात्र दोन गोष्टी पाहाच. १ ते ४ क्रमांकाच्या पिनांवरचे दोन कपॅसिटर. कमोडोर ६४ मध्ये ६५८१ ला ४७० पिकोफॅरड असतात, ८५८० ला, म्हणजे सिडच्या नंतरच्या आवृत्तीला, २२ नॅनोफॅरड. यांची अदलाबदल झाली तर फिल्टरचा पल्ला इतका सरकतो की चांगली चिपही मेल्यासारखी वाटते. आणि पिन २८ वरचं व्होल्टेज. ६५८१ ला १२, ८५८० ला ९. ८५८० ला १२ व्होल्ट देऊ नका, मीटर लावून बघितल्याशिवाय चिप बसवू नका. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर नाही, हौसेने शिकलेला माणूस आहे. शंका असेल तर जाणकाराला विचारून मगच वीज द्या.

फिल्टर चालू आहे पण एमुलेटरसारखा वाटत नाही, असं आढळलं तर ते वेगळं. ६५८१ चे फिल्टर मुळातच चिपगणिक वेगळे असतात, दोन चिपा शेजारी ठेवल्या तरी जुळत नाहीत. ८५८० बरीच सारखी वागते. मूळ ट्यून कोणत्या चिपवर कानांनी जुळवलेली होती हे सिड फाइलच्या हेडरमध्ये बरेचदा नोंदलेलं असतं, तिथे बघा. एमुलेटरमध्येही तेच मॉडेल निवडलंय ना, हे तपासा. व्हॉल्यूम रजिस्टरमधून वाजवलेले ड्रम ६५८१ वर दणदणीत आणि ८५८० वर क्षीण ऐकू येतात. हातातली चिप खरी कोणती, हे कानाने ओळखायची ही एक चांगली खूण आहे. चिपेवरचा छापील आकडा पुसून नवा छापणारेही आहेत.

आता तुमच्या एवायच्या ट्यूनचं सिडवर काय करायचं. एवायमध्ये दर फ्रेमला (इथे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला) पातळी लिहून स्वराचा आकार घडवतात. सिडमध्ये प्रत्येक आवाजाला अशी वेगळी पातळीच नाही, आहे तो एन्व्हलप, म्हणजे अटॅक (स्वराची चढण), डिके (उतरण), सस्टेन (टिकून राहायची पातळी) वगैरे. सस्टेन खाली आणला तर आवाज उतरतो, पण पुन्हा वर नेला तर चढत नाही. त्यामुळे एवायचे कंप घेणारे स्वर सरळ उतरवता येत नाहीत. प्रत्येक वाद्याचा हेतू काय आहे ते ऐका आणि अटॅक-डिके स्वतः बसवा. काही स्वर मध्येच उशिरा लागतात असंही तुम्ही लिहिलंय. तो सिडच्या एन्व्हलप-गणकाचा जुना दोष. नवा दर चालू मोजणीच्या मागे पडला तर गणकाला पूर्ण ३२,७६८ क्लॉकची फेरी मारावी लागते, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. नव्या स्वराच्या एक-दोन फ्रेम आधी गेट बंद करून एन्व्हलपची रजिस्टरं शून्य करा. त्या काळचे संगीतकार हेच करत.

वेगाबद्दल एकच. स्पेक्ट्रमच्या ट्यूनची रजिस्टरं सेकंदाला ५० वेळा लिहिली जातात. व्हीजीएम फाइलमध्ये (चिपच्या नोंदी साठवणारा फाइल-प्रकार) वेळ सेकंदाच्या ४४,१०० व्या भागांत मोजतात, म्हणून ५० हर्ट्झची एक फ्रेम ८८२ भागांची, ६० ची असेल तर ७३५ ची. लिहिण्यात गेलेला वेळ वगळून नुसता डिले टाकला तर ट्यून रेंगाळते. टायमर इंटरप्ट वापरा. आणि पुढे ओपीएल२ या यामाहाच्या ध्वनी-चिपवर जायचं असेल तर पत्ता लिहिल्यावर ३.३ आणि डेटा लिहिल्यावर २३ मायक्रोसेकंद थांबावं लागतं. एवायला इतकी वाट पाहावी लागत नाही, म्हणून तोच कोड तिथे नेला की स्वर गळतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं सोडून एमटी-३२ हे रोलँडचं मिडी ध्वनियंत्र घ्यावं का. माझं स्पष्ट मत, या ट्यूनसाठी नको. ते १९८७ चं यंत्र, त्याचा स्वभावच वेगळा. ज्या खेळांचं संगीत त्यावर रचलं गेलं तिथे ते अप्रतिम आहे, पण तिथेही नुसती मिडी फाइल (स्वरांचे आदेश साठवणारी) पुरत नाही. बरेच खेळ सुरुवातीला सिस्टिम एक्सक्लुझिव्ह (ठरावीक यंत्रापुरत्या) संदेशांनी स्वतःची वाद्यं त्यात भरतात, ते संदेश नसले की भलतीच वाद्यं वाजतात. रोलँडच्याच एससी-५५ या ध्वनियंत्रात एमटी-३२ मोड आहे म्हणून तेच चालेल असं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, त्या मोडला ही बाहेरून भरलेली वाद्यं स्वीकारता येत नाहीत. आणि एमटी-३२ च्या सुरुवातीच्या आवृत्तीला हे संदेश भराभर पाठवले तर तिचा बफर भरून ती त्रुटी दाखवते, मध्ये थोडी उसंत द्यावी लागते.

आज फिल्टरची चाचणी करा, शक्यतो आवाज ध्वनिमुद्रित करून इथे टाका, आणि सोबत पिन २८ चं व्होल्टेज व दोन्ही कपॅसिटरांवरचे आकडे लिहा. त्यावरून चिप की जोडणी हे सांगता येईल. विक्रेत्याची परतीची मुदत अजून उरली असेल तर चाचणी आजच्या आज करा आणि त्यांना लेखी विचारा की फिल्टर कसा तपासला होता.