युरोपात ख्रिस्ती धर्म का ओसरतोय? विज्ञानामुळे लोक नास्तिक झाले का?

विज्ञानामुळे? मुळीच नाही. मी वसईचा कॅथलिक, जर्मनीत कोलोनला नोकरी करतो. डार्विन वाचून चर्च सोडलेला माणूस मला इथे अजून भेटायचाय. चिडून सोडलेले ढिगाने भेटतात.

आमच्या ऑफिसातल्या एक बाई, पन्नाशीच्या, लहानपणापासून चर्चमध्ये गाणाऱ्या. २०२१ मध्ये त्यांनी नाव काढून घ्यायचं ठरवलं. इथे नुसतं रविवारी जायचं बंद करून भागत नाही. नाव नोंदलेलं आहे तोवर आयकराच्या ८-९ टक्के चर्च-कर पगारातून कापला जातो. त्या वर्षी धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांवरचा अहवाल आला. आधीचा एक अहवाल आर्चबिशपांनी प्रसिद्धच होऊ दिला नव्हता, त्यामुळे शहर आधीच पेटलेलं. आमच्या राज्यात चर्च सोडायला न्यायालयात जावं लागतं आणि तिथे महिनोन्‌महिने तारीख मिळत नव्हती. शेवटी मिळाली तेव्हा सोबत म्हणून मी गेलो. कारकुनाने ओळखपत्र बघितलं, सही घेतली, ३० युरो घेतले. का सोडताय, हे विचारलंही नाही. नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बाई अजून गातात. फादर काही बोलत नाहीत, कारण तेवढा वरचा सूर लावणारं दुसरं कोणी नाही!

२०२२ मध्ये जर्मनीत एकट्या कॅथलिक चर्चमधून ५ लाख २२ हजारांवर माणसं अशी सही करून बाहेर पडली.

वसईतल्या माझ्या मोठ्या भावाला हे पटत नाही. पैसा आला की देव सुटतो, हे त्याचं पालुपद. अरे बाबा, वसईत रविवारी उभं राहायला जागा नसते, त्यात श्रद्धा किती आणि उद्या लग्न-मयताला चर्च लागणार ही धास्ती किती? इथे ती धास्ती संपली आहे.

आता, चर्च-कर नसलेल्या देशांतही घसरण आहेच. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ मध्ये ७१.७ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२. आईबापांनीच मुलांना नेणं थांबवलं की कोणावर चिडायचीही गरज उरत नाही. त्या बाईंच्या मुलांचा बाप्तिस्माच झालेला नाही.

तुम्ही नोकरीसाठी जर्मनीला येणार असाल, तर पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना दिसेल. 'कॅथलिक' लिहिलंत की कर लागू. मी लिहिलंय आणि दर महिन्याला भरतोय. सणाच्या वर्गणीला वर्षातून एकदा पाचशेची नोट काढणाऱ्या भावाने मला देव सुटल्याचं सांगू नये.