कॅबिनेट उघडण्याआधी

या महिन्यात गेमिंगच्या कॉम्प्युटरबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने झालाय: ‘तर आता काय विकत घेऊ?’ माझं उत्तर बऱ्याचदा ‘अजून काहीच नको’ असं असतं, आणि ते सगळ्यांना रुचत नाही याची मला कल्पना आहे. पण मशीनमधला कोणता भाग कोणासाठी ताटकळतोय हे कळल्याशिवाय केलेली खरेदी बहुधा वाया जाते. शिवाय ते शोधून काढणं हाच या छंदातला सगळ्यात रंगतदार भाग आहे, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : जुनं ग्राफिक्स कार्ड काढून चांगलं वरच्या दर्जाचं बसवलं. कोपऱ्यात एफपीएसचा आकडा ८०-९० दिसतो, तरी गेममधल्या शहरात गाडी पळवताना चित्र सारखं अडखळतं. कार्डच खराब निघालं का? प्रोसेसर सहा कोअरचा आहे, रॅम १६ जीबीची एकच स्टिक.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, माझी नजर मात्र तिथेच थबकली. त्याकडे येतेच, पण आधी त्या ८०-९० बद्दल.

एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं), आणि तो आकडा ही सरासरी असते. सेकंदाला ९० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण ११ मिलिसेकंद. त्यातली एकच फ्रेम ७० मिलिसेकंद रखडली, तर सरासरी जेमतेम हलते, डोळ्याला मात्र ठेच लागते. म्हणून तो आकडा बाजूला ठेवा आणि आफ्टरबर्नरसारख्या टूलमध्ये फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावा. रेघ जवळपास सपाट हवी. तुमच्याकडे तिच्यावर सुळके दिसतील.

सुळके कशाचे, हे ओळखायला मी आधी एक साधी गोष्ट करते. गेम बंद न करता त्याच रस्त्यावरून, त्याच दिशेने दोनदा जायचं. पहिल्या फेरीत अडखळलं आणि दुसरीत सुळसुळीत गेलं, तर गेम त्या जागेचे शेडर (चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) पहिल्यांदाच तयार करत होता. डायरेक्टएक्स १२ आणि वल्कन या ग्राफिक्स प्रणालींवर चालणाऱ्या नव्या गेममध्ये हे फार आढळतं आणि कितीही महागडं कार्ड घातलं तरी पूर्ण जात नाही. सुरुवातीला गेम शेडर तयार करत असेल, तर घाई न करता ते काम पुरं होऊ द्या. दोन्ही फेऱ्यांत त्याच वळणावर अडखळलं, तर मात्र प्रोसेसर, रॅम किंवा डिस्ककडे वळायचं. (एखाद्या गेमच्या इंजिनातच दोष असतो आणि तो सगळ्यांच्याच मशीनवर त्याच वळणावर अडखळतो, हेही ध्यानात असू द्या.)

त्यानंतर रिझोल्यूशन उतरवून बघा. १४४० पीमध्ये सुमारे ३७ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, १०८० पीमध्ये २१ लाखांच्या आसपास. कार्डाचं ओझं एवढं हलकं करूनही एफपीएस वाढला नाही, तर कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसर काम कधी देतो याची वाट बघतंय. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दाखवेल, त्यावर जाऊ नका. ती सगळ्या कोअरची मिळून सरासरी असते. गेमचा मुख्य धागा (थ्रेड, म्हणजे कामांची सलग साखळी) एकाच कोअरवर दमछाक होईपर्यंत पळत असतो आणि बाकीचे कोअर नुसते बघत असतात. आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दाखवा, म्हणजे डोळ्यांनी दिसेल.

आणि आता ती एकटी स्टिक. तुमचा मदरबोर्ड रॅमशी दोन चॅनलमधून बोलू शकतो, एक स्टिक असल्यावर एकच चॅनल वापरला जातो. शहरासारख्या गजबजलेल्या ठिकाणी प्रोसेसर मेमरीवर सतत अवलंबून असतो, त्यामुळे अडखळण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. शक्य असेल तर एकाच जोडीत मिळणाऱ्या दोन स्टिक घ्या आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बहुतेक बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये हेच सांगितलेलं असतं. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे स्टिकवर लिहिलेला वेग लागू करणारी सेटिंग, सुरू करा. डीडीआर४ च्या ३२०० लिहिलेल्या स्टिक हे केल्याशिवाय कित्येकदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहतात. वर्षानुवर्षं असं चाललेली मशीन मी पाहिली आहेत आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण मालकाने त्या वेगाचे पैसे मोजलेले असतात.

तुमचं कार्ड खराब नाही. ते तसंच राहू द्या.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला. जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरपेक्षा काही वेगळं वाटत नाही. माझेच डोळे कमी पडतात का?

उत्तर : डोळे ठणठणीत आहेत. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा, तो ६० वरच राहिलेला असणार. १४४ चा पर्याय यादीतच नसेल तर केबल बदला, शक्यतो डिस्प्लेपोर्ट वापरा, आणि ती मदरबोर्डच्या मागे न खोचता ग्राफिक्स कार्डाला खोचा. १६.७ मिलिसेकंदांऐवजी दर ७ मिलिसेकंदांनी चित्र बदलायला लागलं की माउस हलवताक्षणी फरक कळेल.

प्रश्न : गेम ऐन रंगात आला की कॉम्प्युटर अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. इतर काम दिवसभर केलं तरी काही होत नाही. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं.

उत्तर : विंडोजला आता त्रास देऊ नका. बंद कसा होतो, ते नीट आठवा. स्क्रीन काळी होऊन पंखे फिरत राहतात, की प्लग उपटल्यासारखं सगळं एकदम बंद पडतं? पंखे फिरत राहिले तर संशय ड्रायव्हर, कार्ड किंवा डिस्प्लेच्या केबलवर. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार दिसतो. तिथे आधी तापमान बघा, ते ठीक असेल तर एसएमपीएसकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, जा.

आजची ग्राफिक्स कार्ड वीज एका संथ लयीत घेत नाहीत. काही मिलिसेकंदांपुरती त्यांची मागणी नेहमीपेक्षा बरीच वर उसळते. वीज पुरवणाऱ्या डब्यातलं संरक्षण त्याला धोका समजतं आणि सगळं बंद करतं. म्हणूनच वॉटची साधी बेरीज करून ‘माझ्याकडे पुरेसे आहेत’ म्हणणारेही यात सापडतात. ८० प्लसचं चिन्ह पाहूनही निर्धास्त होऊ नका. ते वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतल्या संरक्षणाची किंवा सुट्या भागांच्या दर्जाची हमी देत नाही.

नवीन एसएमपीएस घेण्याआधी मात्र केबल तपासा. कार्डाला ८ पिनच्या दोन जागा असतील तर एकाच केबलची दोन तोंडं दोन्हींत खोचू नका, एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. ८ पिनच्या एका जोडणीतून १५० वॉट आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट असा हिशोब धरलेला असतो. दोन जागांचा सगळा भार एका तारेवर पडला की ती तापते आणि व्होल्टेज घसरतं. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ पर्यंतचा फरक ठीक मानतात. खेळताना त्याखाली जात असेल तर दुखणं सापडलं.

दोन गोष्टी अगदी बजावून सांगते. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) एसएमपीएस बदललात तर जुन्या केबल नव्याला लावू नका, खोबणीत चपखल बसल्या तरी नाही. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक उत्पादक स्वतःची ठेवतो, आणि चुकीच्या पिनमधून आलेले १२ व्होल्ट हार्ड डिस्क क्षणात जाळतात. दुसरं, एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भारलेले असतात.

प्रश्न : थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती) दर वर्षी बदलावी का? आणि वाटाण्याएवढी, रेघेसारखी की फुलीच्या आकारात?

उत्तर : दर वर्षी मुळीच नको. त्याच गेममध्ये, त्याच पंख्याच्या वेगावर तापमान पूर्वीपेक्षा चांगलंच वर गेलं असेल तर बदला. आधी हीटसिंकमधली धूळ मात्र काढा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. आकारावरून लोक फार भांडतात. पेस्ट पुरेशी असली आणि कूलर सारखा दाबला गेला की निकालात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही.

खरी काळजी कूलर काढताना घ्यायची, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खोबणीत) प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात आणि त्याला वरून धरून ठेवणारी चौकट नसते. वाळलेल्या पेस्टमुळे कूलरला चिकटून अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. त्यामुळे आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा गेम चालवून पेस्ट ऊबदार आणि नरम होऊ द्या. मशीन बंद करून प्लग काढा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल करा. मग कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळा. पेस्ट सुटली की हाताला ते कळतं, बोटांखालचा अडसर एकदम जातो. मगच उचला. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं.

प्रश्न : ओव्हरक्लॉकिंगला (चिप ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्याला) आता काही अर्थ उरलाय का?

उत्तर : ज्यांनी १९९८ मध्ये इंटेलचं सेलेरॉन ३००ए हाताळलं त्यांना हा प्रश्न टोचेल. बसचा (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या दुव्याचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावायचा, आणि पुष्कळ चिप तो वेग विनातक्रार पेलायच्या. आजचे प्रोसेसर आणि कार्ड तापमान बघून स्वतःच आपला वेग वाढवून घेतात, तुमच्यासाठी फारसं शिल्लक ठेवत नाहीत.

म्हणून हल्ली मला उलट दिशेची खटपट जास्त आवडते: वेग तोच ठेवून व्होल्टेज कमी करायचं. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ग्राफिक्स कार्ड त्याच वेगावर १०५० ऐवजी ९५० मिलिव्होल्टवर टिकलं, तर त्या हिशोबाने १८ टक्के वीज वाचते. पंखे शांत होतात आणि एफपीएस बहुधा तसाच राहतो. एका वेळी २५ मिलिव्होल्ट उतरवा, प्रत्येक पायरीवर एकच ठरलेला प्रसंग बराच वेळ चालवा आणि वहीत लिहा. माझा प्रसंग ठरलेला आहे: रात्रीचा पाऊस, लांब पूल, ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबं. गेम बंद पडला की एक पायरी वर यायचं.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. अभ्यास ठीक करतो, पण उरलेला सगळा वेळ कॉम्प्युटर उघडून बसतो. दहा मिनिटं गेम खेळतो, बंद करतो, आत काहीतरी बदलतो, परत तोच गेम लावतो. शॉक बसेल म्हणून जीव धास्तावतो. थांबवू का?

उत्तर : नका थांबवू, ताई. तुम्ही जे वर्णन केलंत ते नुसतं खेळणं नाही. एक गोष्ट बदलायची, तोच प्रसंग पुन्हा चालवायचा, फरक बघायचा, यालाच प्रयोग म्हणतात. वरच्या सगळ्या उत्तरांत मी वाचकांना जे करायला सांगतेय, ते तुमचा मुलगा कोणी न सांगता करतोय. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

शॉकचं म्हणाल तर कॅबिनेटमध्ये घरची वीज फक्त एसएमपीएसच्या बंद डब्यात येते. तिथून पुढे मदरबोर्ड, कार्ड, डिस्क सगळीकडे १२ व्होल्ट किंवा त्याहून कमीच असतात. तेव्हा त्याच्याकडून एवढं कबूल करून घ्या: तो डबा उघडायचा नाही, आणि कॅबिनेटला हात लावण्याआधी प्लग काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करायची सवयही लावा, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेने चिप मरणार नाही. घरातले फोटो आणि कागदपत्रं त्या मशीनवर असतील तर त्यांची प्रत दुसरीकडे ठेवा.

एक करून बघा. आज काय बदललंस आणि काय फरक पडला, हे त्याला विचारा. शब्द कळले नाहीत तरी ऐका. झोपेच्या वेळेबद्दल मात्र ठाम राहा, तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : नव्वदच्या दशकातल्या गेमच्या काही सीडी जपून ठेवल्या आहेत. त्या काळचा कॉम्प्युटरही माळ्यावर आहे. पुन्हा खेळता येतील का?

उत्तर : नक्की येतील. सगळ्यात आधी सीडीची इमेज (फाइलच्या रूपातली हुबेहूब प्रत) करून ठेवा, त्या चकत्यांचं आयुष्य अमर्याद नाही. डॉसचे (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचे) गेम असतील तर तिची नक्कल करणारा डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम वापरा. एखादा गेम भलत्याच वेगाने पळाला तर त्याने तेव्हाच्या प्रोसेसरचा वेग गृहीत धरलेला असतो. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल दाबून एफ ११ ने तो कमी होतो, एफ १२ ने वाढतो. विंडोज ९५-९८ च्या सीडीत मेख वेगळी असते: गेम ३२ बिटचा, पण इन्स्टॉलर १६ बिटचा, आणि ६४ बिटच्या विंडोजवर तो चालतच नाही. त्यासाठी ८६बॉक्स या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या काळचं अख्खं मशीन उभं करता येतं. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू या तेव्हाच्या ग्राफिक्स कार्डासाठी लिहिलेले गेम डीजीव्हूडू या प्रोग्रॅममुळे आजच्या कार्डावर छान दिसतात.

माळ्यावरचा कॉम्प्युटर उतरवलात तर लगेच प्लग लावू नका. आधी उघडून बोर्डावरची बॅटरी शोधा. ४८६ प्रोसेसरच्या काळातल्या बोर्डांवर नळीसारखी सोल्डर केलेली बॅटरी असायची. ती गळते आणि तिचा द्रव आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खातो. हिरवट-निळसर थर दिसला तर ती काढून टाकल्याशिवाय पुढे जायचं नाही. कपॅसिटरचे माथे सपाट आहेत ना, तेही बघा. एखादा फुगलेला असेल तर मशीन चालू न करता बोर्डाचा फोटो पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहिते.