‘कळतं सगळं, पण तोंड उघडत नाही’

मे महिन्यातली दुपार, वीज गेलेली. कुडाळमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आई आणि मुलगी समोर बसलेल्या, वेंगुर्ल्याहून एसटीने आलेल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मुलीच्या हातात जाड वही होती. आईनेच सुरुवात केली, “मॅडम, ह्या राती झोपणा नाय. वही घेवन भिंतीकडे बघत बसता.”

मुलगी मुंबईत शिकते. विद्यापीठात इटालियनचं दुसरं वर्ष. सप्टेंबरमध्ये एका सत्रासाठी बोलोन्याला जायचं ठरलेलं, तिथले विषय इटालियनमधूनच, आणि त्यासाठी भाषेची बी-१ पातळी, म्हणजे मध्यम, हवी. लेखीत ती वर्गात पहिली. तोंडी सराव परीक्षेत मात्र चार मिनिटांत रडत बाहेर आली होती.

“पहिल्या वर्षी मी जास्त बोलायचे,” ती म्हणाली. “आता उलटंच झालंय. कळतं सगळं, पण तोंड उघडत नाही. मी मागे चाललेय. जाणं रद्द करू का?”

हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. जर्मन शिकणारी मुलं विचारतात, जपानी शिकणारीही विचारतात, आणि जवळजवळ सगळी दुसऱ्याच वर्षी. पहिल्या वर्षी आपण काय चुकतोय हे कळत नसतं, म्हणून जीभ मोकळी असते. दुसऱ्या वर्षी कान तयार होतो, आपलीच चूक आपल्याला ऐकू यायला लागते. जीभ काही तेवढ्या वेगाने तयार होत नाही. मुलांना वाटतं, आपण मागे चाललो.

हे मी तिला सांगितलं, तिने मान डोलावली आणि फरक काहीच पडला नाही. पहिल्या दोन भेटी मी वायाच घालवल्या. दीर्घ श्वसन आणि अभ्यासाचं वेळापत्रक, नेहमीचं सगळं दिलं. वेळापत्रक तिने चार रंगांत आखून आणलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या मुलीला आणखी एक गोष्ट नीटनेटकी करायला देऊन मी तिचा आजारच वाढवत होते.

तिसऱ्या भेटीत वही बाहेर आईकडे ठेवायला लावली. म्हटलं, “लहानपणीची एखादी गोष्ट सांग. मालवणीत सांगितलीस तरी चालेल.” ती खुलली. रोज सकाळी आजीबरोबर मासळी बाजारात जायची. आजी घासाघीस करायची, ही पिशवी धरून उभी राहायची. एक दिवस ओल्या पायरीवर घसरून पडली, पिशवी फाटली, सुंगटं (कोळंबी) सगळी रस्त्यावर, आणि आजी हिला उचलायच्या आधी सुंगटं उचलायला धावली. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी.

“आता हेच इटालियनमध्ये सांग.”

“तुम्हाला येतं?”

“गंधसुद्धा नाही.”

मला येत नाही, हेच औषध ठरलं. चूक धरणारं समोर कोणी नव्हतं. ती अडखळत सुरू झाली. ‘सुंगटं’वर अडली, हाताने मिशा काढून दाखवल्या आणि पुढे गेली. गोष्ट संपली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटं झाली होती. मग ती एकदम थांबली. “मॅडम, मी अंदावो म्हटलं आणि मग सोनो कादूता म्हटलं. विचार न करता!”

मला काय कळणार? पण तिने मग मलाच शिकवलं. रोज घडणाऱ्या गोष्टीला इटालियनमध्ये एक भूतकाळ असतो, इम्पेर्फेत्तो, आणि एकदा घडून संपलेल्या गोष्टीला दुसरा, पास्सातो प्रोस्सिमो. वर्षभर ती हे इंग्रजीतले नियम पाठ करून लिहीत होती. पण आजीबरोबर ‘जायचे’ आणि पायरीवर ‘पडले’ हा फरक तिला कोणी शिकवायला लागला होता का? ‘पडले’ बाईचं, ‘पडलो’ पुरुषाचं, तसंच तिथे कादूता आणि कादूतो. ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’, इथे क्रियापद आंब्याच्या मागे जातं. इटालियनमध्येही तसंच, ‘मी प्याचे’ आणि ‘मी प्याच्चोनो’ (तिथलं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’). इंग्रजीतून गेलं की हे सगळं उफराटं वाटतं. आणि उच्चार? तिकडे पाला म्हणजे फावडं, पाल्ला म्हणजे चेंडू. पाला आणि पल्ला यात गल्लत न करणाऱ्या जिभेला ते जड जायचं कारण नाही.

सगळंच असं जुळत नाही, हे तिनेच बजावलं. मराठीत ‘पोळी खाल्ली’ म्हणताना खाल्ली पोळीप्रमाणे बदलतं. इटालियनमध्ये पोळी क्रियापदानंतर आली तर बदलत नाही, आधी येणाऱ्या सर्वनामाच्या रूपात आली तर बदलतं. कोन्जुन्तीवोबद्दल, म्हणजे शंका-इच्छा सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपांबद्दल, बोलताना तर तिने कपाळावर हात मारला. मारू दे. निदान मधला इंग्रजीचा वळसा सुटला.

त्यानंतरच्या भेटींत वही नाहीच. एकदा मी पोस्टातली बाई झाले. लांब मुदतीच्या व्हिसावर इटलीत उतरलं की आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा, पेर्मेस्सो दी सोज्जोर्नोचा, अर्ज द्यावा लागतो. म्हणजे परीक्षेच्या कितीतरी आधी तिची गाठ खिडकीमागच्या घाईतल्या माणसाशी पडणार. मी मालवणीत भराभर काहीतरी बडबडायचे, तिने इटालियनमध्ये मला थोपवायचं. ‘पुओ रिपेतेरे?’ पुन्हा सांगता का? पहिल्या वेळी हे दोन शब्द काढायला तिला घाम फुटला. पुन्हा विचारणं म्हणजे नापास होणं, असं पक्कं बसलेलं. तिसऱ्या वेळी तिने माझ्या टेबलावर टकटक करून विचारलं.

खरी भीती अगदी शेवटी बाहेर आली. तिकडे पुष्कळ विषयांची परीक्षा तोंडी असते, प्राध्यापकांसमोर बसून, अनेकदा इतर विद्यार्थ्यांच्या देखत. गुण तीसपैकी, अठराला पास. मिळालेले गुण पसंत नसतील तर साधारणपणे नाकारून पुढच्या वेळी पुन्हा बसता येतं. ती म्हणाली, “तीस मिळेपर्यंत मी नाकारतच राहीन. मला माहितीये मी कशी आहे.”

मी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, “सत्र किती महिन्यांचं?” ती हसली, पण उत्तर दिलं नाही.

जूनमध्ये बी-१ झाली, जेमतेम नाही आणि फार वरही नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात वडील एकटेच येऊन गेले. माझ्यासमोर बसून टोपी हातात फिरवत राहिले आणि जाताना दारात म्हणाले, “चेडू परत येतला मा?” (मुलगी परत येईल ना?) त्यांच्यासाठी वेगळा वेळ द्यायला हवा होता, हे मला तेव्हा सुचलं.

जानेवारीच्या शेवटी फोनवर तिचा निरोप आला. मध्ययुगीन इतिहासाची तोंडी परीक्षा. ‘तटबंदी’ला शब्द आठवला नाही, म्हणून ‘शहराभोवतीची जुनी भिंत’ म्हणून पुढे गेले, प्राध्यापकांनी शब्द पुरवला. खाली एक ओळ होती:

“२४. घेतले.”